रुमाल आधी दाखव

पिवळ्या रुमालापासून सुरुवात करायची, असं साहेबांनी मला बजावलं होतं. "तो शेवटी काढलास तर माणसं नुसती दचकतील. आधी दाखव, म्हणजे घाबरतील."

म्हणून आधी दाखवतो. साधा सुती रुमाल. हळदीच्या रंगाचा, कडेला तपकिरी रेघ. कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात सहायक होतो आणि साहेब माझे वरिष्ठ. रुमाल माझ्या गळ्यात दिसला की आज मॉक ड्रिल आहे, असं कोळंबी सोलणाऱ्या बायकांनी समजायचं, हे त्यांचं-माझं ठरलेलं होतं. साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या रुमालापायी एका बाईचा डोळा गेला आणि हे मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आता साहेब.

ते सकाळी केबिनमध्ये यायचे, "गुड मॉर्निंग" म्हणायचे, आणि ते मनासारखं जमलं नाही तर म्हणायचे, "हे मूळ झालं. थांब." मग बाहेर जायचे, दार लावून घ्यायचे, दोन क्षण तिथे उभे राहायचे आणि पुन्हा आत यायचे. दुसऱ्यांदाचं गुड मॉर्निंग खरंच जास्त चांगलं असायचं. पहिल्या वेळी ते दाराकडे बघत बोलायचे, दुसऱ्या वेळी माझ्याकडे.

जगात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा नीट होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. पोहे ते दोनदा करत आणि पहिले चिमण्यांना घालत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावलं, नेरुळच्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मूळ लग्नात, महाडजवळच्या गावी, माइक बंद पडला होता आणि त्यांची प्रतिज्ञा तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेली नव्हती, एवढंच कारण. आहेर आणायचा की नाही, हे पाहुण्यांना कळेना. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "रिमेक चांगला झालाय, पण मूळ सिनेमात मी बारीक होते गं."

मात्र त्यांचा खरा विषय होता भीतीचे सिनेमे, आणि त्यातही फक्त रिमेक. भाषा कुठलीही चाले. मूळ सिनेमा बघायचा तो केवळ रिमेकची तयारी म्हणून. कुणी "ओरिजनलची मजा वेगळीच" म्हणालं की त्यांच्या कपाळाची शीर उठायची.

"काय वेगळी? सांग ना. मूळ करणारा भुताकडे बघत असतो. त्याला भूत सापडलेलं असतं ना नुकतं, त्याचं कौतुक! रिमेक करणारा प्रेक्षकाकडे बघतो."

उदाहरण म्हणून एक दाराची गोष्ट ते नेहमी सांगत. मूळ सिनेमात नवराबायको नव्या फ्लॅटमध्ये राहायला येतात, दारावर थाप पडते, दार उघडलं की समोर दात विचकलेलं काहीतरी. संपलं. रिमेकमध्ये थाप पडते, दार उघडलं की समोर एक साधी म्हातारी. वाटीभर साखर मागते. बायको साखर देते, म्हातारी आशीर्वाद देऊन जाते. नवरा आतून विचारतो, "कोण होतं?" बायको म्हणते, "शेजारच्या आजी." नवरा पेपरातून डोकं वर काढतो आणि म्हणतो, "आपल्या मजल्यावर आपलाच एक फ्लॅट आहे."

हे सांगून झालं की ते माझ्याकडे बघायचे. मी शंभरदा ऐकलेलं असायचं, तरी मानेवर काटा यायचा.

"बघ! शेवट माहीत असून घाबरलास. ह्याला म्हणतात काम."

शेवट माहीत असून माणूस घाबरला पाहिजे, हे त्यांच्या नोकरीचंही सूत्र होतं. गोठवण्याच्या यंत्रांत अमोनिया असतो. तो गळला तर डोळे, घसा, फुप्फुसं जाळतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बायकांना बाहेर पळायची सवय लावायची, तेच मॉक ड्रिल. बाकी कारखान्यांत ते कसं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. भोंगा वाजतो, लोक गप्पा मारत बाहेर येतात, फोटो निघतात, चहा होतो. आमचं पहिलं ड्रिलही तसंच झालं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "भिकार मूळ. चला, रिमेक."

मग त्यांनी भोंगा बंद केला. त्याऐवजी यंत्रांची घरघर एकदम थांबवायची. बारा महिने कानात असणारा आवाज बंद झाला की माणूस हातातलं काम सोडून वर बघतो, ते मी तेव्हा बघितलं. पुढच्या खेपेला वास आणला. दाराशी एका बादलीत अमोनियाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. त्या दिवशी बायका खरोखर घाबरल्या. सोललेल्या कोळंबीचे ट्रे टेबलावर तसेच टाकून पळाल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तोवर बर्फाविना माल उतरला होता आणि सुपरवायझर त्यांना नाही नाही ते बोलला.

दुसऱ्या दिवशी हिराबाय माझ्याकडे आली. बोनकोड्याची, चाळिशीची, सोलण्यात सगळ्यांत चपळ आणि बोलण्यात त्याहून. त्या टेबलावरच्या दहा बायका, त्यात तिच्या गल्लीतल्या काही कोवळ्या पोरीही, तिच्या शब्दावर उठत-बसत.

"सायेब, तुमचा त्यो भुताचा सायेब हाय ना, त्याला आमी काय बोलनार नाय. पन तुमी आमाला आदी सांगत जावा. आमी ट्रेवर बर्फ टाकून ठेवू, चपला जवल ठेवू, मंग पलू की धाड धाड."

"ते नियमात बसत नाही, हिराबाय."

"तुमी बोलू नका ना मंग. खून करा नुसती."

मला त्या बायकांची कीव आली, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. साहेबांना सगळे मानत, त्यांच्यावर हसत, त्यांच्या नकला करत. माझी कुणी नक्कलसुद्धा करत नसे. त्या बायकांनी मला चांगलं म्हणावं, अशी मला फार इच्छा होती. मी खिशातून रुमाल काढला आणि गळ्याला बांधून दाखवला.

त्यानंतरची ड्रिल बघण्यासारखी झाली. सकाळी माझ्या गळ्यात रुमाल दिसला की बायका तासभर आधी ट्रे बर्फाने झाकून ठेवत. घरघर थांबली की पदर तोंडाला लावून, डोळे मोठे करून पळत. हिराबाय तर किंचाळायचीसुद्धा. साहेब दाराशी घड्याळ घेऊन उभे असत. चार मिनिटांचे तीन झाले, तिनाचे दोन.

"बघतोयस?" ते माझा दंड धरायचे. त्यांचे डोळे भरून आलेले असायचे. "ह्यांना माहीत आहे हे नाटक आहे. तरी पळतायत! मूळपेक्षा सरस, प्रत्येक वेळी सरस!"

मी मान हलवायचो.

खरी गळती झाली ती एका मंगळवारी सकाळी, साडेदहाच्या सुमारास. यंत्रांच्या खोलीतला एक पाइप फुटला. मी तिथून जवळ होतो. घरघर थांबली, नाकात सुया टोचल्यासारखा वास आला. नळ शेजारीच होता. मी खिशातला रुमाल भिजवला, नाकातोंडावर बांधला आणि बायकांच्या हॉलकडे धावलो. शिकवलेलं तसंच होतं, ओलं फडकं नाकावर.

हॉलच्या दारात उभा राहून मी ओरडलो. आवाज त्या ओल्या रुमालातच राहिला. बायकांनी वर बघितलं. हिराबायने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"बसा गो, रुमाल हाय. आज सकालचा दाखवायला इसरले सायेब. आदी बर्फ टाका."

आणि त्या बर्फ टाकायला लागल्या.

शेवटी पांढरा ढग दारातून आत आला तेव्हा पळापळ झाली. बाकीच्या खोकत, रडत बाहेर पडल्या आणि दोन-चार दिवसांत बऱ्या झाल्या. हिराबाय टेबलाच्या आतल्या टोकाला होती. तिचा उजवा डोळा गेला. डाव्याला धुरकट दिसतं.

चौकशी झाली. "आम्हाला ड्रिल वाटलं," एवढंच सगळ्या बायका म्हणाल्या. तेच शांत होणं, तोच वास. इतकं हुबेहूब नाटक इतक्या वेळा केल्यामुळे कामगारांना खरं-खोटं कळेनासं झालं, असा निष्कर्ष निघाला. साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "बरोबर आहे. माझ्या रिमेकमध्ये भीती नव्हती," म्हणाले, आणि राजीनामा दिला. मी शेजारी उभा होतो. रुमाल माझ्या खिशात होता, धुऊन, घडी घालून.

वहिनी त्याआधीच गेल्या होत्या. साहेब घरी एकटे असत. महिन्यातून एका रविवारी ते मला सकाळी दहाला बोलवत. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. नेरुळच्या त्या घरात शेजारी शेजारी दोन टीव्ही होते, डावा मूळ सिनेमासाठी, उजवा रिमेकसाठी. खिडक्या सताड उघड्या, सारसोळ्याच्या खाडीचा वारा आणि खालच्या मच्छीवालीची हाक, दोन्ही आत यायचं. "अंधारात कुणीही घाबरतं," ते म्हणत. "उजेडात घाबरवून दाखव."

बसताना हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मिळायचा आणि मांडीवर ताटली. पेला सिनेमा संपेपर्यंत तसाच धरायचा. मध्ये प्यायचं नाही. ही त्यांची मोजायची रीत. माणूस दचकला की पाणी एकदम सांडतं. घाबरला की थेंब थेंब सांडत राहतं, आणि त्याला स्वतःला कळत नाही. मूळ सिनेमानंतर ताटलीत एखादा हबका असायचा. रिमेकनंतर हळूहळू साचलेलं पाणी. बोट बुडवून ते खोली बघायचे आणि समाधानाने मान डोलवायचे.

एका जोडीत विधवा बाईच्या कपाटातून कुणीतरी केस विंचरल्याचा आवाज येत असतो. मूळ सिनेमात कपाट उघडतं आणि हात दिसतो. रिमेकमध्ये कपाट उघडतच नाही. रोज सकाळी बाई आपला कंगवा उचलते आणि त्यात कालच्यापेक्षा जास्त केस असतात. सगळे तिच्याच रंगाचे.

तो संपल्यावर साहेब म्हणाले, "मूळवाला जिथे स्वतः घाबरला ना, तिथे त्याने कॅमेरा वळवलाय बघ. चटकन हात दाखवून मोकळा झाला. रिमेकवाल्याने नेमकं तिथेच जाऊन बसायचं. बाकी काही नाही रे, एवढंच."

सिनेमे झाले की ते स्वयंपाकघरातून वाट्या आणायचे आणि टेबलावर कारखाना मांडायचे. ही वाटी यंत्रांची खोली, हे ताट हॉल, हा चमचा दार. मिठाची बरणी म्हणजे हिराबाय. दर वेळी.

"इथून दारापर्यंत अकरा पावलं. ही बाई ड्रिलमध्ये पहिली पळायची. त्या दिवशी इथेच उभी. का?" बरणी बोटाने पुढे-मागे करत ते विचारायचे. "सीन बसत नाही. काहीतरी तुकडा गहाळ आहे. तू होतास ना दारात? आठव ना जरा."

"नाही आठवत, साहेब."

असं पाच वर्षं चाललं. बायकोने तसल्याच पिवळ्या रुमालांचा जोड आणला तेव्हा मी तिच्यावर इतका ओरडलो की ती घाबरली. काय झालं ते तिलाही सांगितलं नाही.

मग एका रविवारी वाट्या मांडताना त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला नाही. मीही विसरून तसाच धरून बसलो. बरणी दोनदा पुढे-मागे झाली आणि त्यांनी बोलणं थांबवलं. माझ्या मांडीकडे बघत राहिले. ताटली भरून पाणी पँटवर ओघळत होतं.

"सिनेमात तुझं कधी निम्मंसुद्धा सांडलं नाही," ते हळू म्हणाले. "सांग."

मी सांगितलं. गळती झाली, नाकावर रुमाल बांधला, आणि योगायोग असा की ड्रिलची खूण म्हणूनही तोच रुमाल होता. दोन मिनिटांत संपवलं.

मला वाटलं ते मारतील. मी त्यांची नोकरी खाल्ली होती. पण ते भलत्याच ठिकाणी अडकले. "म्हणजे दोन मिनिटांत पळायच्या ते... माझ्या ड्रिलमुळे नव्हे?"

"नाही, साहेब."

"सगळं तुझ्या रुमालामुळे."

त्यांचा चेहरा माझ्यासमोर म्हातारा झाला. ते उठले, फडक्याने फरशी पुसली, बाहेर गेले, दार लावून घेतलं. मी मोजत बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"हे मूळ झालं," ते म्हणाले. "परत सांग. आणि रुमाल आधी दाखव. शेवटी काढून मला दचकवू नकोस."

दुसऱ्यांदा सांगताना खूण का ठरवली ते आलं. बायकांनी चांगलं म्हणावं म्हणून. साहेबांनी मान हलवली. "बरं आहे. पण दारात उभा होतास, बायका बर्फ टाकत होत्या, आणि तू एकदम बाहेर निघालास. मधे कॅमेरा वळवलायस. काय आहे तिथे?"

तिसऱ्यांदा मी तिथे गेलो.

तिथे हे आहे. हिराबाय हसली तेव्हाच मला कळलं होतं. त्या रुमाल बघतायत, हे मला दारात उभं असतानाच लख्ख कळलं होतं. तो ओढून काढायचा आणि उघड्या तोंडाने "खरं आहे, पळा" एवढं म्हणायचं होतं. माझा हात गाठीपर्यंत गेलासुद्धा. पण वास येत होता. रुमाल काढला तर तो माझ्या छातीत जाईल, ही भीती वाटली. मी तो काढला नाही. हातवारे केले, आणि मग बाहेर पळालो.

साहेबांनी वाट्या एकात एक घातल्या. मग मिठाची बरणी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"हिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? माझी नुसती नोकरी गेली."

त्या वर्षी त्यांची तब्येत ढासळली आणि मुलगी त्यांना महाडला घेऊन गेली. तिथून दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा.

"गेलास?"

"नाही, साहेब."

फोन बंद. नऊ रविवार. दहाव्याला मी बोनकोड्याला गेलो.

नवीन इमारतींच्या मधल्या गल्लीत तिचं घर. दारात सुकी मासळी पसरलेली. आवाजावरून तिने मला ओळखलं, बस म्हणाली, आत गेली आणि पाण्याचा पेला आणला. काठोकाठ भरलेला. कड दिसत नसल्यामुळे तिला अंदाज येत नसावा. पण तो हातात घेताना माझ्या पाठीतून कळ गेली.

मी सांगितलं. म्हणजे मूळ सांगितलं, योगायोगाचं. पाणी पायावर सांडत होतं.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "रुमाल मीच पयला बगितला. बसा बी मीच बोलली." ती मासळीच्या दिशेने बघत होती. "त्या पोरी खोकत व्हत्या ना, त्यांच्या आया मना अजून बोलत नायत. बरोबर हाय त्यांचा. मी पलाली असती तर सगल्या पलाल्या असत्या. रोज येतंय डोल्यासमोर. मीच बसवली त्यांना."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी "तसं काही नाही हो" असं पुटपुटलो आणि निघालो.

रविवारी फोन आला. "गेलास?"

"गेलो."

"सांडलं?"

"हो."

"सगळं सांगितलंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडे श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"वळवलास कॅमेरा," साहेब म्हणाले. "परत जा."

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला तो त्यांच्या मुलीचा होता. रात्री झोपेतच गेले, म्हणाली. उशाशी माझा नंबर लिहिलेला कागद होता म्हणून कळवलं.

महाडहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बोनकोड्याला गेलो. या वेळी बसायच्या आधी खिशातला रुमाल काढून हिराबायच्या हातात दिला. तिने तो चाचपला, डाव्या डोळ्याजवळ धरला. आत जाऊन पाणी आणलं, तसंच भरलेलं, आणि समोर बसली.

"बोला."

"हिराबाय, तुम्ही हसलात तेव्हाच मला कळलं होतं. तुम्हाला ड्रिल वाटतंय हे कळलं होतं. मी रुमाल काढून ओरडलो असतो तर तुम्ही सगळ्या पळाला असता. मी घाबरलो. काढला नाही. तुम्ही बसा म्हणालात त्यात तुमची चूक नव्हती. चूक दारात उभी होती."

गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. होत नव्हती. हिराबाय त्या आवाजाकडे कान लावून बसल्यासारखी बसली होती.

"म्हंजे तुमाला दिसत व्हतो आमी बर्फ टाकताना."

"हो."

"आनि येवढी वर्सं मी..." ती थांबली. रुमाल तिने मुठीत आवळला होता. "मागल्या टायमाला आलेलाव तवा का नाय बोललाव? मी समोर सांगत व्हती तुमाला, मीच बसवली म्हनून. आयकून गेलाव."

ती उठली. आता हाकलून देईल असं वाटलं, आणि द्यावं असंही वाटलं. तिने माझ्या हातातला पेला ओढून घेतला आणि किती उरलंय ते बघायला आत बोट घातलं.

"निम्मा सांडलाव," ती म्हणाली.

आत गेली. माठात भांडं बुडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा पेला पुन्हा काठोकाठ भरलेला होता. तिने तो माझ्यासमोर ठेवला, रुमाल कंबरेला खोचला आणि बसली.

"परत बोला," ती म्हणाली. "पयल्यापासून. त्या पोरींच्या आयांना बोलवते, त्या आल्या की."